विद्यापीठाचं ओळखपत्र नसताना संदर्भ कसे मिळवायचे

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी नाशिकच्या तांब्या-पितळेच्या धंद्याचा इतिहास लिहायला घेतला. तांबट आळीतल्या ठोक्यांचा आवाज लहानपणापासून कानात होता, पण कागदावरचं फारसं काही हाताशी नव्हतं. शिवाय माझं नाव कुठल्याच विद्यापीठात नोंदलेलं नाही, मला गाइड नाही.

पहिल्यांदा एका मोठ्या ग्रंथालयात गेले आणि विचारलं, "मला मेंबर होता येईल का?" दोन मिनिटांत बाहेर आले. नंतर कळलं, प्रश्नच चुकला होता. सभासद म्हणजे पुस्तक घरी नेणारा; ती जबाबदारी बाहेरच्या माणसावर कोण टाकेल? आपल्याला हवं असतं ते बसून वाचणं. त्यासाठी परवानगी वेगळी मागायची, आणि तीही ठरावीक पुस्तकांसाठी. "इतिहासावरचं काही आहे का" असं विचारत गेलात तर कुणीच मदत करू शकत नाही.

म्हणून यादी आधी घरी करा. नाशिककरांनी सुरुवात सार्वजनिक वाचनालयातून करावी. १८४० सालची ही संस्था, तिथे विद्यापीठाचा शिक्का लागत नाही. मग शोधगंगा हे संकेतस्थळ. देशभरातल्या पीएच.डी.चे प्रबंध तिथे लॉगिनशिवाय, प्रकरणवार उतरवून घेता येतात. शब्द देवनागरीत टाका, मग रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगांनी टाका. मराठी प्रबंध कुठल्या नावाने नोंदले असतील याचा नेम नसतो. प्रबंध सापडला की मी आधी संदर्भसूची उघडते. दुसऱ्याने पाच वर्षं घासून काढलेली वाट तिथे आयती मिळते. १८८३ चं नाशिकचं गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड, तेही इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहात फुकट आहे. जेस्टोर या शोधलेखांच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने खातं काढलं की महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात.

१ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेत हजारो संशोधन-नियतकालिकं आली, पण ती सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी. आपल्यासारखे स्वतंत्र अभ्यासक त्यात नाहीत, आणि हे मला मनापासून खटकतं. तरी ग्रंथालयात गेल्यावर एवढं जरूर विचारा: "तुमच्या संगणकावर इथेच बसून हा लेख वाचू शकते का?" बऱ्याच प्रकाशकांच्या करारात प्रत्यक्ष आलेल्या वाचकाला तशी मुभा असते. तेही जमलं नाही तर थेट लेखकाला ईमेल करा. आपला लेख कुणी मागतंय याचा अभ्यासकांना आनंदच होतो.

आता पत्र. ग्रंथपालांच्या नावे, एक पान, त्याहून जास्त नको. विषय दोन ओळींत, हव्या असलेल्या पुस्तकांची नावं आणि ऑनलाइन सूचीतले त्यांचे क्रमांक, येण्याच्या तारखा, आणि हे वाक्य: "पुस्तके वाचनकक्षातच वाचेन, बाहेर नेणार नाही." सोबत आधारची प्रत आणि जवळच्या कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र. माझ्या विद्यार्थिनीच्या कॉलेजातल्या सरांनी ते दिलं. त्या एका कागदाने दार उघडलं.

नाशिकमध्येही विद्यापीठं आहेत: मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाकडे, आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला. पण माझ्या विषयाला पुणं गाठावंच लागतं: विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतलं १९०५ पासूनचं ग्रंथालय. पहाटेची एसटी पकडण्याआधी फोन करून वेळ आणि शुल्क विचारून घ्या, आणि परीक्षेचे दिवस टाळा. तेव्हा बसायला खुर्ची मिळत नाही.

पेन्सिल न्या, जुन्या पुस्तकांजवळ पेन नको. फोटो काढण्याआधी विचारा. खाजगी अभ्यासासाठी वाजवी वापराला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे, पण ग्रंथालयाचा स्वतःचा नियम त्याहून कडक असू शकतो. आणि प्रत्येक फोटोच्या आधी मुखपृष्ठाचा एक फोटो घ्या. माझ्याकडे अजून अकरा पानं अशी आहेत की ती कुठल्या पुस्तकातली, ते शोधायला मला पुन्हा पुण्याला जावं लागणार आहे.