कॉर्गीला शोमध्ये उतरवताय? या चुका टाळा

पेंब्रोक वेल्श कॉर्गी मुळात गुरं हाकणारा कुत्रा. वेल्समधल्या शेतांवर गाईंच्या मागच्या पायांना चावत, त्यांची लाथ चुकवत तो काम करायचा. म्हणून बुटका, लांबट आणि अंगाने दणकट. हा कुत्रा दिवसभर काम करू शकेल का, हेच डॉग शोमध्ये जज पाहतो. ब्रिटनमध्ये घरच्या सगळ्यांनी मिळून हा छंद करणाऱ्या मराठी कुटुंबांना मी नेहमी एकच सांगते: रिंगमध्ये, म्हणजे शोच्या मैदानात, जे हुकतं, त्यातलं बरंचसं आधी घरातच बिघडलेलं असतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते वजन. ब्रिटनच्या ब्रीड स्टँडर्डप्रमाणे (हा कुत्रा कसा असावा याचा अधिकृत नमुना) नर 10 ते 12 किलोचा असावा, मादी 9 ते 11 किलोची, आणि खांद्यापाशी उंची साधारण 25 ते 30 सेंटिमीटर. एवढ्याशा जिवावर दोन किलो चढले, तर तो सगळा भार लांब पाठीवर येतो. या ठेवणीच्या कुत्र्यांत मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होतात आणि सरकतातही. घरात आजी पोळीचा तुकडा देते, मुलं चीज देतात, बाबा रात्री मटणाचं हाड देतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपण जरासंच दिलं. उपाय सोपा आहे. दिवसाचा सगळा खाऊ सकाळीच मोजून एका डब्यात काढा. शिकवताना द्यायचे तुकडेही त्यातलेच. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचं खाणं संपलं. कॉर्गीच्या दाट केसांमुळे जाडी डोळ्यांना कळत नाही, म्हणून बरगड्या हाताने चाचपा. हलक्या दाबाने त्या लागल्या पाहिजेत.

सणासुदीला आणखी सांभाळा. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. कांदा-लसणाचं कालवणही त्याच्यासाठी विषारी. थोडंसंच खाल्लं असलं तरी वाट न पाहता व्हेटला फोन करा.

पहिलं वर्ष जिन्याला गेट लावा आणि सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या बाजूला आधाराला. मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवा.

आता रिंग. पट्टा वर खेचून धरणं ही नवशिक्यांची हमखास चूक. पट्टा ताणला की मान वर जाते, पुढचे पाय पुरते पुढे पडत नाहीत आणि चांगला चालणारा कुत्राही आखडलेला दिसतो. स्टँडर्ड मागतं ती मोकळी, चपळ चाल. पट्टा सैल ठेवा आणि दुडकी चाल बसेल तो वेग शोधा: पट्टा धरलेलं मूल धावत सुटलं की कॉर्गी उड्या मारत पळतो, फार हळू चाललं तर रेंगाळतो. बागेत कुणाला तरी मोबाइलवर बाजूने चित्रण करायला सांगा. योग्य वेग कोणता ते दोन-तीन फेऱ्यांत दिसतं. दुसरी चूक म्हणजे टेबलाची सवय न लावणं. कॉर्गीला जज टेबलावर तपासतात, दात बघतात. अनोळखी हात तोंडाला लागला की जो कुत्रा मागे सरतो, त्याला घरी पाहुण्यांकडून ही सवय झालेली नसते. जवळच्या रिंगक्राफ्ट वर्गाला, म्हणजे शोची तयारी करून घेणाऱ्या वर्गाला जा. तिथली जुनी माणसं मनापासून मदत करतात.

नखं वाढू देऊ नका, पंजा पसरतो. अंघोळ शोच्या आदल्या रात्री न घालता दोन-तीन दिवस आधी घाला, म्हणजे केस पुन्हा अंगासरशी बसतात.

पळणाऱ्या मुलांच्या टाचांना पिल्लू चावतं तेव्हा सगळे हसतात, आणि पिल्लाला वाटतं हेच आपलं काम. मुलांनी जागच्या जागी थांबायचं आणि पिल्लाला खेळणं द्यायचं. ओरडू नका.

पिल्लू निवडताना ‘दुर्मिळ रंगा’ला भुलू नका. 2014 साली ब्रिटनमध्ये पेंब्रोकची अवघी 274 पिल्लं नोंदली गेली होती. पुढे मागणी वाढली, तसे नुसते विकणारेही आले. लाल, सेबल (केसांची टोकं काळी), फॉन (फिकट पिवळसर), आणि काळा-तपकिरी हे स्टँडर्डमधले रंग, सोबत पांढरा चालतो. मर्ल, म्हणजे डागाडागांचा रंग, कार्डिगन कॉर्गीचा, आणि कार्डिगन हे 1934 पासून वेगळं ब्रीड आहे. लांब केसांचं ‘फ्लफी’ पिल्लू घरासाठी गोड, पण रिंगमध्ये तो दोष धरतात. इंग्लंडमध्ये आणि वेल्समध्ये 2007 नंतर शेपूट कापलेला कुत्रा प्रेक्षकांना तिकीट असलेल्या शोमध्ये उतरवता येत नाही, हे परदेशातून पिल्लू आणणाऱ्यांनी आधीच पाहावं.

कागदपत्रांत लोक अडकतात ते एंडॉर्समेंटपाशी, म्हणजे नोंदणीवरच्या अटीपाशी. ब्रीडरने अशी अट घातली असेल, तर तुमच्या मादीच्या पिल्लांची नोंद होत नाही किंवा एक्सपोर्ट पेडिग्री (परदेशी नेताना लागणारा वंशावळीचा दाखला) मिळत नाही. पुढे भारतात परतायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधीच हे लेखी विचारून घ्या. मालकी नावावर व्हायची बाकी असताना शोचा अर्ज भरलात, तर नावापुढे टीएएफ (‘ट्रान्सफर अप्लाइड फॉर’, म्हणजे मालकी बदलाचा अर्ज केला आहे) लिहायला विसरू नका. कुत्रा शोच्या दिवशी सहा महिन्यांचा पूर्ण हवा.

मुलांना पिल्लांचा जन्म बघता यावा म्हणून मादी लावणं मला पटत नाही. कॉर्गीच्या बाळंतपणात सिझेरियनची वेळ येऊ शकते, आणि खर्चाइतकीच जिवाचीही जोखीम असते. तरी ठरवलंच, तर आधी डीएमची (डिजनरेटिव्ह मायलोपथी, मज्जारज्जूचा आनुवंशिक आजार) जनुकीय चाचणी करा. या आजारात उतारवयात मागचे पाय हळूहळू लुळे पडतात. हे जनुक पेंब्रोकमध्ये फार पसरलेलं आहे, म्हणून नुसते ‘क्लिअर’ (दोष अजिबात नसलेले) कुत्रे ठेवून बाकीचे बाद करणं ब्रीडच्या मुळावर येईल. ‘कॅरिअर’ (दोष एकाच बाजूने आलेल्या) मादीला ‘क्लिअर’ नर द्या. त्या पिल्लांत दोन्ही बाजूंनी दोष येत नाही.