किरणोत्सारी कचऱ्याची डिजिटल नोंद: गोव्यात या कामाला लागणाऱ्यांसाठी

गोव्यात अणुवीज केंद्र नाही, म्हणून किरणोत्सारी कचराही नसेल असं अनेकांना वाटतं. पण थायरॉइडच्या उपचारात आयोडीन-131 वापरतात, स्कॅनला टेक्नेशियम-99एम आणि फ्लोरिन-18 लागतं, वेल्डिंगच्या तपासणीला इरिडियम-192 आणि कारखान्यातल्या काही गेजमध्ये (जाडी किंवा पातळी मोजणाऱ्या उपकरणांत) सीझियम-137 असतं. फिजिक्स शिकून हॉस्पिटलच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात लागलात, तर पहिलं काम बहुधा कचऱ्याच्या नोंदीचंच मिळेल. त्याला कारकुनी समजू नका. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-60 सापडला आणि एका कामगाराचा जीव गेला. हा कोबाल्ट ज्यात होता, ते एका विद्यापीठातलं वर्षानुवर्षं बंद पडलेलं यंत्र लिलावात विकलं गेलं होतं. आत काय आहे हे विकताना कुणी पाहिलंच नाही.

हॉस्पिटलमधला बराचसा कचरा साठवून त्याचा क्षय होऊ द्यायचा, म्हणजे किरणोत्सार आपोआप घटू द्यायचा असतो. तो निम्मा व्हायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. साधा हिशेब असा, की दहा अर्धायुष्यं गेली की मूळचा 1024 वा भाग उरतो. आयोडीन-131 चं अर्धायुष्य सुमारे 8 दिवसांचं. कचऱ्याची पिशवी बंद करताना तिची अ‍ॅक्टिव्हिटी (किरणोत्साराचं प्रमाण) 37 मेगाबेक्वेरेल, म्हणजे जुन्या एककात 1 मिलिक्युरी असेल, तर 80 दिवसांनी सुमारे 36 किलोबेक्वेरेल राहतं. नोंदीत अ‍ॅक्टिव्हिटीच्या आकड्याशेजारी एकक नसेल तर वाचणारा 37 पटीने चुकू शकतो. म्हणून एककाचा रकाना मोकळा सोडू नका, तिथे निवडयादी ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. अ‍ॅक्टिव्हिटी कुठल्या क्षणाची, हे नसेल तर आकडा निरर्थक. ‘03/08’ हे एक संगणक 3 ऑगस्ट वाचतो, दुसरा 8 मार्च. त्यामुळे 2025-08-03 14:30 असंच लिहा. पावसाळ्यात वीज येते-जाते. अशा वेळी संगणकाच्या मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असेल तर घड्याळ मागच्या एखाद्या वर्षावर जातं आणि क्षयाचा सगळा हिशेब कोलमडतो. वेळ सर्व्हरवरून घ्या. आधीच्या नोंदीपेक्षा जुनी वेळ आली तर प्रणालीने ती नाकारलीच पाहिजे.

पिशवीला स्वतःचा क्रमांक हवा. तो पुन्हा कधीही वापरायचा नाही. त्याखाली समस्थानिक, अ‍ॅक्टिव्हिटी, बंद केल्याची वेळ, पृष्ठभागावरचा डोस रेट, मीटरचा क्रमांक आणि कॅलिब्रेशनची तारीख, कपाटातली जागा, मोजणाऱ्याचं नाव. बॅकग्राउंडचं, म्हणजे आसपासच्या नैसर्गिक किरणोत्साराचं मापही त्याच दिवशी घेऊन लिहा, कारण जांभ्याच्या भिंतीजवळ आणि काँक्रीटच्या खोलीत ते सारखं येत नाही. साधी थर्मल लेबलं उष्णतेने आणि दमटपणाने पुसट होतात. पॉलिएस्टर लेबलावर रेझिन रिबनने छापा.

एका पिशवीत दोन समस्थानिकं पडली तर ज्याचं अर्धायुष्य मोठं, त्याचा हिशेब लागतो. ल्युटेशियम-177 चं अर्धायुष्य साधारण साडेसहा दिवसांचं. पण थेट मार्गाने बनवलेल्या औषधात ल्युटेशियम-177एम थोडं मिसळलेलं असतं, आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे 160 दिवस. साडेसहा दिवसांच्या हिशेबाने सॉफ्टवेअर ‘आता टाका’ म्हणेल, तेव्हा मीटरवर पिशवीचा किरणोत्सार अजून दिसत असेल. अशा वेळी मीटरवर विश्वास ठेवा. पिशवी सोडण्याचा निर्णय प्रत्यक्ष मोजमापाशिवाय होताच कामा नये, आणि त्याला दोघांची स्वतंत्र लॉगिनने मान्यता हवी. चतुर्थीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून वापरलेला एकच पासवर्ड हा आमच्या मते या कामातला सर्वांत वाईट शॉर्टकट आहे. नंतर कुणी काय केलं ते शोधायला मार्गच उरत नाही.

नोंद पुसता येता कामा नये. चूक झाली तर जुनी ओळ तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नवी ओळ, कारणासकट. प्रत्येक ओळीचा हॅश (मजकुरावरून संगणकाने काढलेला ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) पुढच्या ओळीत गुंफला तर मधल्या फेरफाराचा पत्ता लागतो. एक्सेलमध्ये हे होत नाही. एक्सेल हिशेबाला चालेल, मूळ रजिस्टर म्हणून नको.

बंदिस्त स्रोतांची, म्हणजे गेजसारख्या उपकरणांत सीलबंद असलेल्या किरणोत्सारी पदार्थांची गोष्ट वेगळी. ते एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवानगीने पुरवठादाराकडे किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी परत जातात, आणि ईलोरा या मंडळाच्या ऑनलाइन परवाना प्रणालीतला साठा तुमच्या रजिस्टरशी जुळला पाहिजे. ट्रक निघाला की ‘पाठवला’ लिहा. ‘पोचला’ मात्र समोरच्याची पोचपावती हातात आल्यावरच. दोन्हींच्या मधली स्थिती लाल रंगात दिसू द्या आणि रोज कुणीतरी ती बघा.

सीझियम-137 चं अर्धायुष्य 30 वर्षांचं, तेवढं सॉफ्टवेअर सहसा टिकत नाही. दर महिन्याला नोंदी साध्या सीएसव्हीत (कुठेही उघडणारी मजकूर-फाइल) आणि पीडीएफ/एमध्ये (दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ) काढा, एक प्रत इमारतीबाहेर ठेवा, स्रोतांची यादी कागदावर छापून सहीनिशी फाइलला लावा. तिमाहीत एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून दहा पिशव्यांचे क्रमांक कपाटाशी ताडून बघा. आरएसओ (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) बदलला की हीच ताडणी सगळ्या स्रोतांची, जुन्या आणि नव्या दोघांनी मिळून, मीटर हातात घेऊन करायची. लॉगिन नव्याच्या नावावर त्यानंतरच करायचं.