भिंतीला फोम लावून शेजारचा आवाज थांबत नाही: हॉस्टेलमध्ये या चुका टाळा

शेजारच्या खोलीतली गाणी ऐकू आली की पहिला बळी भिंतीचा जातो. कुणी फोम चिकटवतं, कुणी अंड्यांचे ट्रे. फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज थोडाफार शोषतो, ट्रे तेवढंही धड करत नाहीत. पलीकडचा आवाज अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं, तर ढोबळमानाने ५ ते ६ डेसिबलचा फरक पडतो. हातात उचलून उडवता येणारा फोम काय अडवणार?

भिंतीवर पैसे घालण्याआधी दार तपासा. रात्री खोलीतला दिवा घालवा, कॉरिडॉरमधला चालू ठेवा. दाराखाली उजेडाची पट्टी दिसली, की आवाजाचीही वाट सापडली. ५० डेसिबल अडवणाऱ्या भिंतीचा १ टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी तिच्याकडून जेमतेम २० डेसिबल अडतात. चौकटीला रबरी पट्टी आणि दाराखाली सील लावा. मात्र खोलीत हवा त्याच फटीतून येत असेल, तर आधी हवेची दुसरी सोय करा.

दार घट्ट असूनही शेजारचं बोलणं शब्दन्‌शब्द कळतंय? मग फॉल्स सीलिंगच्या वर डोकावा. मधली भिंत स्लॅबपर्यंत नेलेलीच नाही, असं पुष्कळदा निघतं. दोन खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवले असतील, तर तिथेही भोकच असतं.

वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकल्याचा आवाज ही वेगळीच जात. तो स्लॅबमधूनच उतरतो, त्यामुळे खालच्या छताला काहीही चिकटवून भागत नाही. इलाज वरच करायचा: खुर्चीच्या पायांना फेल्ट म्हणजे जाड नमद्याचे तुकडे, पलंगाखाली रबर. नवं बांधकाम असेल तर फरशीखाली लवचीक थर आत्ताच घाला, नंतर सगळी फरशी उखडावी लागते.

शोषणारं साहित्य खरं शोभतं ते कॉरिडॉरच्या छताला, कारण टाइल्स आणि प्लास्टरमध्ये एक हाक चार वेळा ऐकू येते. तिथे खनिज लोकरीचे, म्हणजे दगड किंवा काचेच्या तंतूंचे, पॅनेल लावा. स्वस्त फोम नको. तो भराभर पेटतो, विषारी धूर सोडतो आणि आगीत पळायची वाट तीच असते.

शेवटची चूक मोजण्यातली: नुसती सरासरी बघणं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपायच्या खोलीसाठी रात्रीची सरासरी ३० डेसिबल सुचवली, पण एकेका आवाजासाठी ४५ ची वेगळी मर्यादाही दिली. रात्री दोनला आपटलेलं दार सरासरीत विरघळून जातं. झोप मात्र त्यानेच मोडलेली असते. म्हणून तक्रारवहीत आकड्याबरोबर वेळ आणि आवाज कशाचा तेही लिहा. रोज तेच दार निघालं, तर डोअर क्लोजरचा, म्हणजे दार आपोआप हळू मिटवणाऱ्या दांड्याचा, स्क्रू फिरवून बघा.