जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीची चाकं कशी बसवावीत

चाक स्टडवर (हबवरून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागावरून, बाहेर येणाऱ्या बोल्टवर) चढलं, नट आवळले गेले, म्हणजे ते बसलं असं समजू नका. जुन्या गाड्यांची मूळ चाकं गंजतात, नवी मिळत नाहीत, मग दुसऱ्या मॉडेलचा संच गळ्यात पडतो. तो वापरता येतो, पण पैसे देण्याआधी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घेणारी सरकती पट्टी, हातात घ्या.

सुरुवात पीसीडीपासून. स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा हा व्यास. चार किंवा सहा स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर मोजायचं. मध्य नेमका सापडत नाही, म्हणून एका स्टडच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा; उत्तर तेच येतं. पाच स्टड असले की समोर कोणीच नसतं. तेव्हा शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर १.७०१ ने गुणा. ८२.१ मिमी भरलं तर पीसीडी १३९.७, म्हणजे जुन्या जीपचा साडेपाच इंची.

सगळ्यात जास्त फसगत होते ती थोडक्या फरकात. ९८ मिमी पीसीडीच्या हबवर १०० मिमीचं चाक रेटून चढतं. पण नट आपापल्या खाचेत मधोमध न बसता एका कडेला टेकतात, स्टडवर सतत वाकडा ताण येतो, नट सैल होत राहतात आणि एक दिवस स्टड तुटतो. यावर गोल कानशीने चाकाची भोकं ओढून मोठी करणं, किंवा जुनी भोकं वेल्डिंगने बुजवून नवी पाडणं हे उपाय सर्रास सुचवले जातात. दोन्ही करू नका. अलॉयच्या (हलक्या मिश्रधातूच्या) चाकाला उष्णता दिली की त्या जागेची ताकद जाते, आणि वरून ते दिसतही नाही. पीसीडी जुळत नसेल तर संच परत करावा, असं माझं मत. हब आणि चाकाच्या मध्ये बसवायचे अॅडॉप्टर मिळतात, पण ते साधारण २० ते २५ मिमी जाड असल्याने चाक तेवढंच बाहेर येतं आणि बेअरिंगवरचा भार वाढतो.

मधल्या भोकाचं मात्र काम करता येतं. भोक हबपेक्षा मोठं असेल तर मधली फट भरणारी हब रिंग घाला, नाहीतर चाक मधोमध बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. भोक लहान असेल तर लेथवर बोअर वाढवून घेता येतो. टर्नरला चाक नुसतं पाठवू नका; हबचा व्यास मोजून द्या, आणि स्टडच्या भोकांपर्यंत पुरेसं जाड धातू उरतंय ना ते आधी पाहा.

आता ऑफसेट. रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं हे अंतर. चाकावर ‘ईटी’ अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेलं असतं. समजा, जुनं चाक ५ इंच रुंद, ईटी ४५ आणि नवं ६ इंच रुंद, ईटी ३५. नवं चाक बाहेरच्या बाजूला सुमारे २३ मिमी येईल आणि आत जेमतेम ३ मिमी सरकेल. मडगार्डशी तेवढी जागा आहे का, ते स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि गाडीत माणसं बसवून बघा. आतून ब्रेकचा कॅलिपर घासतो का हे पाहायला त्यावर मुलांच्या खेळातली माती थापा, चाक लावून हाताने फिरवा. माती कुठे चेपली आणि किती उरली ते दिसेल.

टायरचा बाहेरचा व्यास जुन्याच्या तीन टक्क्यांच्या आत असावा, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. १५५/८० आर१३ मापाच्या टायरचा व्यास ५७८ मिमी, १६५/६५ आर१४ चा ५७०. हा बदल चालतो. चाकाची आणि टायरची भारक्षमताही मूळच्यापेक्षा कमी नको.

नट बहुतेकजण जुनेच वापरतात, आणि चुकतात. नटाची बैठक शंकूसारखी, गोल किंवा सपाट असते. ती चाकाच्या खाचेशी जुळलीच पाहिजे. शिवाय अलॉय पत्र्याच्या चाकापेक्षा जाड असतं, त्यामुळे जुने स्टड आखूड पडतात. नट हाताने फिरवून फेरे मोजा. १.५ मिमी आट्याच्या १२ मिमी स्टडवर किमान आठ हवेत; कमी पडले तर लांब स्टड घाला. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. तिथे जोर लावून नट सोडवायला गेलात तर स्टडच हातात येईल.

बसवण्याआधी गाडी घोडीवर (गाडी तोलून धरणाऱ्या स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नको. हबचा गंज आणि चाकाच्या टेकणाऱ्या पृष्ठभागावरचा जाड रंग ब्रशने काढा. ब्रेकच्या ड्रमवर बारीक स्क्रूचं डोकं वर आलेलं असेल तर तेवढ्यानेही चाक तिरकं टेकतं. नट आधी हाताने लावा, मग समोरासमोर आलटून पालटून आवळा, आणि शेवटचा पीळ गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने द्या. ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा.

स्टेपनी जुनी पत्र्याचीच ठेवणार असाल तर तिचे जुने नट पिशवीत बांधून डिकीत टाका. रस्त्यात पंक्चर झालं की अलॉयचे नट तिला बसतीलच असं नाही.