श्रवणचेतेवरील गाठ: शस्त्रक्रियेत ऐकू येणे जपताना
एका कानाने कमी ऐकू येऊन मोबाइल नकळत दुसऱ्या कानाला लावला जाऊ लागला, तर ते श्रवणचेतेवरील, म्हणजे कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या ऐकण्याच्या नसेवरील, गाठीचे लक्षण असू शकते; ते वयावर न ढकलता लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन श्रवणचाचणी आणि एमआरआय करून घ्यावा. चाचणीत केवळ आवाज नव्हे, तर शब्द किती कळतात हेही नोंदवून घ्यावे. गाठ लहान, साधारण २ सेंटिमीटरच्या आत असेल, तर कानामागून किंवा कानाच्या वरून कवटी उघडून श्रवण वाचवण्याचा प्रयत्न करता येतो; आंतरकर्णातून जाणाऱ्या मार्गात मात्र त्या कानाचे श्रवण जातेच, म्हणून मार्ग सर्जनना आधीच विचारावा. शस्त्रक्रियेदरम्यान कानात टिकटिक सोडून मेंदूच्या लहरी पाहणारी बेरा तपासणी असावी, असा आग्रह मी आवर्जून धरायला सांगेन, कारण लहरी मंदावताच चेतेवरचा ताण कमी करता येतो.