घरात ताकदीच्या व्यायामाचं मशीन घ्यायचंय? आधी खोली मोजा

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत सकाळी नऊनंतर थांबवत नाही. आपल्या मराठवाड्यात कित्येक घरी मशीन गच्चीवरच्या अशाच खोलीत जातं आणि उन्हाळा लागला की व्यायाम बंद पडतो. म्हणून दुकानात जायच्या आधी जागा ठरवा. तळमजल्यावरची, हवा खेळती असलेली खोली सगळ्यात चांगली. घर माळवदाचं असेल तर वर मशीन चढवूच नका. लाकूड-मातीच्या छतावर आधीच भरपूर भार असतो. दगड-मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाहीत, त्यामुळे भिंतीला ठोकायची पुलीही तिथं नको.

आता खडूनं फरशीवर मशीनचं माप आखा. एका माणसाच्या मल्टिजिमला (एकाच चौकटीत बरेच व्यायाम करता येणारं मशीन) साधारण ४ बाय ६ फूट जागा लागते, शिवाय चहूबाजूंनी दीड-दोन फूट मोकळे हवेत. मग आखलेल्या जागेत उभं राहून दोन्ही हात वर करा. पंखा लागतोय का? आमच्या घरी मशीन मावलं, पण हात वर गेला की बोटं पात्यांच्या अगदी जवळ जायची. शेवटी पंखा हलवावा लागला.

जागा ठरली की कोण वापरणार ते ठरवा. माझ्या मते सगळी निवड इथंच होते. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच प्रौढांना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करायला सांगते. म्हणजे मशीन घरातल्या तरण्या पोरासाठी जितकं, तितकंच साठीच्या आईसाठीही हवं. दुकानदार जास्तीत जास्त वजन किती ते सांगतो. तुम्ही कमीत कमी किती आणि पुढं किती किलोनं वाढतं, ते विचारा. पहिलीच पाटी, म्हणजे मशीनमधली वजनाची लोखंडी प्लेट, १० किलोची असेल तर आईचे खांदे पहिल्याच दिवशी दुखतील आणि ती परत मशीनकडं फिरकणार नाही.

आईसकट सगळं घर वापरणार असेल तर पाट्यांचं मल्टिजिम घ्या. पिन काढून दुसऱ्या भोकात घातली की वजन बदलतं, आणि हात सुटला तरी पाट्या जागेवरच पडतात, अंगावर येत नाहीत. दोन पुल्यांचं केबल मशीन याहून मोकळं असतं. उभ्यानं, बसून, एका हातानं, कसंही ओढता येतं. गुडघा किंवा खांदा धरलेल्यांना मी हेच सुचवेन, पण आधी डॉक्टरांना विचारून. यात एक गोष्ट बघून घ्या. काही मशीनमध्ये पुलीची जोडणी अशी असते की ५० किलोची पिन लावली तरी हाताला २५ किलोच लागतात. हे वाईट नाही, हलकी सुरुवात करणाऱ्याला उलट बरं. फक्त किंमत देताना हिशेब माहीत हवा.

तालमीत घाम गाळलेल्या, बैठका-जोर मारणाऱ्या पोराला मात्र रॅक (बार ठेवायची उभी लोखंडी चौकट) आणि बार (दोन्ही टोकांना वजनं लावायचा लांब दांडा) हेच द्या. बार तोलताना अख्खं अंग कामाला लागतं. पूर्ण मापाचा बार ७ फुटांहून लांब आणि नुसता २० किलोचा असतो, हे खोली बघताना ध्यानात ठेवा. एकट्यानं करणार असेल तर दोन्ही बाजूंचे आडवे सुरक्षा-दांडे असल्याशिवाय रॅक घेऊ नका. स्मिथ मशीनमध्ये बार रुळावर चालतो आणि मनगट वळवलं की खटक्यात अडकतो. एकट्याला ते सोयीचं, पण तोल सांभाळायचं काम रूळच करतात.

विजेवर चालणाऱ्या मशीनचं थोडक्यात सांगतो: लाइट गेली की व्यायाम थांबला.

पैसे द्यायच्या आधी, विशेषतः जुनं मशीन घेताना, केबल तपासा. कापसाचा बोळा घेऊन तो केबलवरून हळूहळू फिरवा, पुलीपाशी वळते तिथं जास्त जपून. तार तुटलेली असेल तर कापूस तिथं अडकतो. उघड्या हातानं हे करू नका, बोट फाटतं. कापूस अडकला तर नवी केबल बसवून मागा, नाहीतर ते मशीन सोडा.

घरी आणल्यावर खाली जाड रबरी मॅट टाका, शहाबादी फरशी पाटी आपटली की तडकते. पाट्यांच्या दांड्यांना खाद्यतेल लावू नका, आपल्याकडची धूळ त्याला चिकटून पाट्या अडतात. कोरड्या फडक्यानं पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. पंधरा दिवस वापर झाला की पाना घेऊन सगळे नट एकदा आवळा, कारण नव्या मशीनचे नट सुरुवातीलाच सैल होतात.