कारखान्याचं बॅरल सुटत नसेल, तर आधी पाना कुठे धरलाय ते बघा

रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, चेंबर डोळ्यांनी पाहिलेलं, हे सांगायला नको. बॅरल व्हाइस (बॅरल आवळून धरणारा शिकंजा) आणि अ‍ॅक्शन रेंच (रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा, धरून फिरवणारा पाना) हाताशी आहेत असंही धरतो.

माझं पहिलं बॅरल रेमिंग्टन ७००चं. व्हाइस आवळला, जोर लावला, तर बॅरल बुशमध्येच (व्हाइसच्या जबड्यातलं, बॅरलभोवतीचं अस्तर) फिरलं. पुन्हा आवळलं, पुन्हा तेच. शिकवणारे म्हणाले, "पान्याला पाइप चढव." चढवला. पाना मी मागच्या पुलावर (रिसीव्हरच्या मागच्या भागावर) धरला होता, कारण तिथे तो सोयीचा बसत होता. या वेळी काहीतरी हललं आणि मला वाटलं, सुटलं! बॅरल जागचं हललं नव्हतं. रिसीव्हर पिळला गेला होता. बोल्ट घातला तर अर्ध्यावर अडायला लागला. ते अडणं अजून हाताला आठवतं.

असं का झालं ते नीट समजून घ्या. बॅरल ज्यात बसतं ते आटे असतात रिसीव्हरच्या पुढच्या कड्यात. रिसीव्हरच्या मधोमध वर काडतुसाची खिडकी, खाली मॅगझिनची. उरतात फक्त बाजूच्या पातळ भिंती. पाना मागे धरला की सगळा पीळ त्या भिंतींमधून जातो. पाना पुढच्या कड्यावरच धरायचा. तिथे नीट बसत नसेल तर काम थांबवा, योग्य पाना आणा. पाइप चढवायला सांगणाऱ्याचं ऐकू नका, तो कितीही जुना कारागीर असो.

बॅरल घसरतंय म्हणजे तुमची ताकद कमी पडतेय असं नाही, पकड कमी पडतेय. बुश आणि बॅरल दोन्हींवरचं तेल पूर्ण पुसा, मधे राळेची पूड टाका. मग पान्याच्या दांड्याला लोंबकळू नका. दांड्याच्या टोकावर जड हातोड्याचा एकेक कोरडा घाव घाला. दुसऱ्या रायफलचं बॅरल मला असंच तिसऱ्या घावाला सुटलं.

गॅसच्या ज्योतीपासून लांब राहा. पोलादावर पिवळी झाक साधारण २२० अंश सेल्सिअसला येते, निळी ३००च्या आसपास. बोल्टचे कान (बोल्ट मिटल्यावर अडकणारे खुंट) टेकतात तिथलं पाणी (पोलादाला तापवून दिलेला कडकपणा) उतरलं, तर तो रिसीव्हर भरवशाचा राहत नाही.

तरीही नाही सुटलं तर घाबरू नका. बॅरल टाकूनच द्यायचं असेल, तर लेथवर रिकॉइल लगच्या (रायफलचा धक्का दस्त्यात उतरवणाऱ्या भागाच्या) लगेच पुढे बॅरलला खाच घ्या. ताण आट्यांपेक्षा खांद्यावर (बॅरलची मागे टेकणारी पायरी) जास्त असतो. तो सैल झाला की बॅरल बहुधा सहज फिरतं. मॉझर ९८मध्ये बॅरलचं मागचं तोंड आतल्या कड्यावर टेकतं, म्हणून तिथे या खाचेचा फारसा उपयोग नाही. सॅव्हेज ११०ला बॅरल नट असतो. आधी तो सोडा.

७००चा रिकॉइल लग ही सुटी पट्टी असते, बॅरल निघताच ती हातात येईल. तिची दिशा खुणेने नोंदवा. नवं बॅरल चढवल्यावर गो गेजवर (चेंबरची लांबी तपासणाऱ्या दोन मापांपैकी लहान) बोल्ट मिटला पाहिजे आणि नो-गोवर (मोठ्या मापावर) मिटता कामा नये. दोन्ही तपासल्याशिवाय चेंबरमध्ये काडतूस घालू नका.